एकशे अठ्ठ्याण्णवच्या आत

पस्तिसाव्या वर्षी माणसाची उंची वाढते का, असा प्रश्न घेऊन दोन माणसं लॅबमध्ये आली तेव्हा भार्गवी डबा उघडून बसली होती. प्रश्न विचारणारा बोयेत साडेपाच फुटांच्या आतला, गोलमटोल, गळ्यात टीमच्या मॅनेजरचं ओळखपत्र. ज्याच्याबद्दल प्रश्न होता तो त्याच्यामागून दारातून वाकून आत आला, सवयीनं एकदा छताच्या दिव्याकडे बघून घेतलं आणि हात पुढे केला.

"डॅरियस. तुमचं जेवण चाललंय. आम्ही थांबतो बाहेर."

"नाही वाढत," भार्गवी म्हणाली. पोळीचा घास हातातच होता. "पण मोजली कधी तुम्ही?"

"आज सकाळी, हॉटेलात. उठल्या उठल्या दाराच्या चौकटीला उभा केला," बोयेत म्हणाला. "एकशे नव्व्याण्णव सेंटिमीटर! चार वर्षं मनिलात मोजतोय, दर वेळी साडेसत्त्याण्णव, पावणेअठ्ठ्याण्णव. मॅम, हा माणूस मला न सांगता वाढलाय."

"मनिलात किती वाजता मोजता?"

"संध्याकाळी पाचला. प्रॅक्टिसनंतर."

भार्गवीनं घास परत डब्यात ठेवला. तिचा चेहरा असा काही उजळला की पलीकडच्या टेबलावरून तिचा सहकारी सारंग मराठीत म्हणाला, "झालं. आता ही दोन तास थांबत नाही. बिचाऱ्यांना खुर्च्या तरी दे आधी."

सारंगचं म्हणणं खोटं नव्हतं. पुण्याला फिजिक्समध्ये एमएस्सी, मग पीएचडी आणि आता तीन वर्षं सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक करणारी भार्गवी ज्या विषयावर काम करत होती, तो विषय होता पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या. दिवसभर उभं राहणारी माणसं, म्हणजे हॉकर सेंटरमधले स्टॉलवाले, मॉलमधले सिक्युरिटी गार्ड, यांच्या या गाद्या संध्याकाळपर्यंत किती दबतात हे ती मोजायची. माणूस सकाळी उठतो तेव्हा सगळ्यात उंच असतो. उभं राहिलं की गाद्यांमधलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि रात्रीपर्यंत तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं खुजा होतो. आडवं पडलं की पाणी परत आत येतं. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात तिनं हे सांगितलं की लोक "हो का?" म्हणायचे आणि श्रीखंड कुठे ठेवलंय ते बघायला निघून जायचे. त्या दीड सेंटिमीटरवर कुणाचं काही अडून बसलंय, असं पहिल्यांदाच होत होतं.

काय अडलंय ते बोयेतनं सांगितलं. फिलिपिन्सच्या त्यांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये टीम गावाच्या नावानं नसतात, कंपनीच्या नावानं असतात. त्यांची टीम डबाबंद मासळी विकणाऱ्या कंपनीची. नाव 'लोला पाझ सार्डिन्स'. (सारंगनं खोकल्याचं निमित्त करून मान फिरवली.) प्रत्येक टीमला परदेशातला एकच खेळाडू घेता येतो, आणि तो एकशे अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरहून उंच असता कामा नये. नाहीतर बाहेरून ताडमाड माणसं आणून सगळे सामने तिथेच संपतील.

"म्हणजे तुमच्याकडे जास्त उंच असणं हा गुन्हा आहे," सारंग म्हणाला.

"परदेशी माणसानं. हो," डॅरियस म्हणाला. "जगात इतर सगळीकडे बास्केटबॉलवाले आपली उंची वाढवून सांगतात. मनिलात आम्ही सगळे अचानक बुटके होतो."

हा सीझन सोमवारी सुरू व्हायचा होता. टीम सरावासाठी दहा दिवस सिंगापूरला आलेली आणि लीगची उंची मोजणारी बाई, मिस एस्त्रेया, खास याच्यासाठी इथे यायची होती. शुक्रवारी सकाळी नऊला मोजायचं, दुपारच्या विमानानं परत. सकाळी नऊ! डॅरियसच्या जागी घ्यायचा म्हणून एक जण सोलमध्ये बॅग भरून बसलेला.

"आणि तुम्हाला नाही घेतलं तर?" भार्गवीनं विचारलं.

"मंगोलियातली एक टीम बोलावतेय." डॅरियसनं खिशातून फोन काढून फोटो दाखवला. बायको लोर्ना, मनिलाची. आणि दोन वेण्या घातलेली, पुढचे दात पडलेली मुलगी. "तालिया. सहा वर्षांची. सोमवारी तिची नवी शाळा सुरू होते. मनिलाचा सीझन सोडला तर गेल्या दोन वर्षांत मी घरी किती दिवस होतो सांगू? सत्तावन्न. तिनं मोजलेत, मी नाही. शाळेत सोडायला मी येणार, असं तिला सांगून बसलोय."

भार्गवीनं डबा बंद केला.

"सोपं आहे," ती म्हणाली. "त्या बाईंना ईमेल करा. सकाळी आणि संध्याकाळी उंचीत फरक पडतो, मी संदर्भ देते, तीन-चार चांगले पेपर आहेत. वेळ संध्याकाळची करून घ्या."

बोयेतनं छातीवर क्रॉस काढला. "मॅम, मिस एस्त्रेया बावीस वर्षं उंची मोजतायत. गुडघे वाकवणारे, मान आत घेणारे, कंबर सैल सोडणारे, सगळे त्यांनी पकडलेत. त्यांच्याकडे वेळ बदलून मागणं म्हणजे खिशात चोरीचा माल आहे असं स्वतःहून सांगणं."

"पण यात लपवण्यासारखं काही नाहीच."

"म्हणून तर लपवायचं," बोयेत म्हणाला. त्याला ते अगदी उघड दिसत होतं.

मग ठरलं ते असं. गुडघे वाकवायचे नाहीत, मान चोरायची नाही. भार्गवीची ती अट होती. नऊ वाजता डॅरियस खरोखरच एकशे अठ्ठ्याण्णवच्या आत असला पाहिजे. म्हणजे इतरांच्या गाद्या संध्याकाळपर्यंत जेवढ्या दबतात, तेवढ्या याच्या नऊच्या आत दाबायच्या. तीन दिवस तिनं त्याला तासातासाला मोजलं आणि सगळं वहीत लिहिलं: झोपेतून उठल्यावर १९९.२, दुपारी एकला १९८.१, संध्याकाळी पाचला १९७.६. सारंगनं आकडे कॉम्प्युटरवर टाकून आलेख काढला. उठल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा, दिवसभरातली निम्मी घट त्याच वेळात होते. वीस किलोचं वाळूचं जाकीट घातलं तर आणखी लवकर.

"ही म्हणजे इडलीचं पीठ आंबवण्याच्या उलट गोष्ट आहे," सारंग म्हणाला. "फुगलेलं खाली बसवायचं."

"तू फक्त घड्याळ बघ."

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला डॅरियस जाकीट घालून विद्यापीठाच्या स्टाफ क्वार्टर्सचे जिने चढत-उतरत होता. बारा मजले वर, बारा मजले खाली. भार्गवी पाचव्या मजल्यावर स्टॉपवॉच घेऊन, सारंग तळाशी पाण्याची बाटली घेऊन. खालच्या अंगणात ताइ ची करणाऱ्या आजीबाईंचा गट थोडा वेळ आपला व्यायाम सोडून याच्याकडेच बघत राहिला. शेवटी त्यातल्या एकीनं, वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडत, विचारलंच.

"एवढा उंच झालाय, आता आणखी कशाला व्यायाम, लाह?"

"कमी व्हायला, आंटी," डॅरियस धापा टाकत म्हणाला.

आजीबाईंनी भार्गवीकडे बघितलं. ही त्याची बायको असावी आणि सगळा दोष हिचाच असावा, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

पावणेआठला लॅबमध्ये मोजलं. १९७.९.

सारंगनं टेबलावर ठेका धरला. भार्गवीनं आणखी दोनदा मोजलं, कारण एकाच आकड्यावर तिचा कधीच विश्वास बसत नसे. १९७.९, १९७.९. "आता बसायचं नाही," तिनं बजावलं. "टॅक्सी नको. एमआरटीनं जाऊ. उभं राहायचं."

सर्कल लाइनच्या मेट्रोत डॅरियस वरच्या दांडीला हात लावून, ऑफिसला निघालेल्या गर्दीतून मान बाहेर काढून उभा होता. एका बाईंनी उठून भार्गवीला जागा दिली; तीही बसली नाही. त्याला एकट्याला उभं ठेवून आपण बसायचं, हे तिला बरं दिसेना.

हार्बरफ्रंटच्या हॉटेलात पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. मोजायचं दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये होतं. बोयेतनं डॅरियसला ताब्यात घेतलं. "तुम्ही कॉफी पिऊन या, मॅम. मी आहे ना."

खाली फेरी टर्मिनलला लागून एक कॉफी शॉप होतं. सारंगनं काया टोस्टचे, म्हणजे नारळाचा जॅम लावलेल्या पावाचे, दोन सेट मागवले आणि दोन्ही स्वतःपुढे ओढले. "तीन दिवस झाले, तू त्याला 'उभं राहा' सांगतेस आणि मी पण उभा राहतो," तो म्हणाला. "माझी पण उंची गेली. लग्नाच्या बायोडेटात काय लिहू आता?"

"सकाळची लिहायची."

"हा! विज्ञानाचा पहिला उपयोग."

नवाला दहा मिनिटं असताना ते वर आले. मीटिंग रूमबाहेरच्या गालिच्यावर चटई अंथरलेली होती. चटईवर डॅरियस उताणा, डोळे मिटलेला. खोबरेल तेलाचा घमघमाट. सत्तरीतला एक काटकुळा म्हातारा त्याचे दोन्ही घोटे धरून, मागे रेलून, सगळ्या ताकदीनं त्याला ओढत होता. शेजारी बोयेत भक्तिभावानं हात जोडून उभा.

भार्गवी ओरडली. तेही मराठीत. "अरे, काय करताय काय!"

"हे तोनयोकाका," बोयेतनं ओळख करून दिली. "टीमचे मालिशवाले. महत्त्वाचं काही असलं की आधी यांचा हात लागतो. प्रत्येक फायनलच्या आधी. डॅरियसच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा."

"किती वेळ झोपलाय हा?"

"तुम्ही गेल्यापासून. मॅम, तुम्ही सांगितलं होतं बसू देऊ नका. बसू नाही दिलं."

सारंग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"मला नाही म्हणता येत नाही," डॅरियस एक डोळा उघडून म्हणाला. "काकांना वाईट वाटतं."

म्हाताऱ्यानं घोटे सोडले, हात पुसले आणि मनिलाच्या तागालोग भाषेत समाधानानं काहीतरी म्हटलं. बोयेतनं अर्थ सांगितला, "म्हणतायत, पाठ छान मोकळी झाली."

भार्गवीच्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या गाद्या पाणी पिऊन टम्म फुगलेल्या दिसायला लागल्या. पाव सेंटिमीटर? नाही, जास्तच. ताणलं पण आहे. जाकीट लॅबमध्ये राहिलेलं. तिनं आजूबाजूला बघितलं. फुलदाणी, खुर्च्या, सारंग.

"सारंग, वजन किती तुझं?"

"अडुसष्ट. का?" मग त्याच्या लक्षात आलं. "नाही हं. भार्गवी, नाही! मी पीएचडी आहे!"

दहा मिनिटांत डॅरियसनं सारंगला पाठुंगळी घेऊन हॉटेलचा आपत्कालीन जिना तीनदा चढून उतरून काढला. सहाव्या मजल्यावर चादरींची गाडी ढकलणारी एक बाई भेटली, तिनं वाट दिली आणि काही विचारलं नाही. सारंग वरून वळणावळणावर "डोकं! माझं डोकं!" एवढंच ओरडत होता.

बरोबर नऊ वाजता दार उघडलं.

मिस एस्त्रेया साठीच्या, बारीक, पांढरे केस बॉबकट केलेल्या. त्यांनी आधी डॅरियसच्या घामाकडे बघितलं, मग विस्कटलेल्या सारंगकडे, मग चटईकडे. अनवाणी पायांनी डॅरियसला पट्टीला पाठ लावून उभं केलं. टाचा बघितल्या. गुडघ्यांच्या मागे हातातली लाकडी पट्टी टकटक वाजवली. हनुवटी दोन बोटांनी सरळ केली. मग सरकती फळी डोक्यावर टेकवली.

"एकशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक."

एकदा. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. तोच आकडा.

बोयेत खुर्चीत बसला. डॅरियस पट्टीला टेकून तसाच उभा राहिला. खाली उतरला की ते खरं होईल, असं वाटत असल्यासारखा. एक मिलिमीटर. भार्गवीच्या लॅबमध्ये एका मिलिमीटरला चूक म्हणत नसत, मोजण्यातला स्वाभाविक फरक म्हणत. पण ही लॅब नव्हती, आणि मिस एस्त्रेयांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

भार्गवीनं पिशवीतून वही काढली.

"मॅम, नको," बोयेत पुटपुटला. "त्यात सकाळचं पान आहे. एकशे नव्व्याण्णव. ते पान नको."

"सकाळचं पान नसेल तर बाकीच्या पानांना अर्थ नाही," भार्गवी म्हणाली आणि तिनं वही टेबलावर ठेवली. सकाळच्या आकड्यांचं पान तिनं स्वतःच उघडलं. "मी यांना तीन दिवस मोजलंय. हे उठल्यावरचे आकडे आहेत, १९९.२. तुमच्या मर्यादेच्या बरेच वर. हे संध्याकाळचे. आज आम्ही यांना वजन घालून जिने चढायला लावलं. त्यानं १९७.९ झाले होते. मग मालिश झालं आणि परत वाढले. मग यांनी याला पाठीवर घेतलं."

"पीएचडी आहे मी," सारंग क्षीणपणे म्हणाला.

मिस एस्त्रेयांनी चष्मा बदलला. एकेक ओळ बोटानं वाचली. आलेखावर त्या बराच वेळ थांबल्या.

"बावीस वर्षांत मला लोकांनी सांगितलंय, की तुझी पट्टी वाकडी आहे, जमीन उतरती आहे, केस मोजलेस, तुला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "वही कुणी आणली नव्हती. म्हणजे, मी संध्याकाळी मोजते तेव्हा सगळ्यांना दीड सेंटिमीटर फुकट देते?"

"साधारण तेवढाच. उंच माणसाला थोडा जास्त."

"आणि हे तुम्ही मला आधी का नाही कळवलं?"

भार्गवीनं बोयेतकडे बघितलं. बोयेतनं गालिच्याकडे.

"मला वाटलं, वेळ बदलून मागितली तर तुम्हाला संशय येईल," तो म्हणाला.

"आला असता," मिस एस्त्रेया म्हणाल्या. "मी विचारलं असतं, का? तुम्ही हे दाखवलं असतं. संपलं असतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "यंदा बाकीच्या अकरा खेळाडूंना मी मनिलात संध्याकाळी पाचला मोजलंय. यालाच सकाळी, कारण माझं विमान दुपारचं. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. आज पाच वाजता, इथेच, पुन्हा. तो आकडा शेवटचा. वर गेला तर वर."

"तुमचं विमान?" डॅरियसनं विचारलं.

"उद्या जाईन. इथेच सेरंगूनला माझी बहीण राहते, दोन तासांत निघतेस म्हणून ती कालपासून रुसली आहे. पण ऐका. पाचपर्यंत हा माझ्या नजरेसमोर राहील. वाळू नाही, जिने नाही आणि पाठीवर हे गृहस्थ नाहीत. नुसता उभा राहील, माणसासारखा."

"मालिश?" बोयेतनं चाचरत विचारलं.

तिघांनी एकदमच "नाही!" म्हटलं.

म्हणून तो शुक्रवार सेरंगूनच्या मॉलमध्ये गेला. मिस एस्त्रेया आणि त्यांची बहीण पुढे, मागे डॅरियस, त्याच्यामागे भार्गवी. बोयेतला त्यांनी हॉटेलातच ठेवलं होतं. सारंग कंबर धरून घरी गेला होता. दोघी बहिणी पडदे बघत, चपला बघत, एकमेकींशी भांडत. डॅरियस उभा. फूड कोर्टात सगळे बसून जेवले, त्यानं खांबाला न टेकता उभ्यानं नूडल्स खाल्ले. सुपरमार्केटमध्ये बहिणीला सगळ्यात वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा हवा होता. डॅरियसनं सहज हात वर केला तेव्हा भार्गवीचा जीव खालीवर झाला.

"हात वर केल्यानं वाढत नाही ना?" मिस एस्त्रेयांनी हळूच विचारलं.

"नाही. तसा काही अभ्यास झालेला नाही," भार्गवी प्रामाणिकपणे म्हणाली.

"मग त्याला म्हणावं, दोन काढ."

चारनंतर ते हॉटेलकडे परत निघाले. एमआरटीत त्यानं फोन काढला, बघितला, परत खिशात टाकला. "तालियानं दोनदा फोन केला," तो म्हणाला. "आकडा कळल्याशिवाय उचलणार नाही. आधी उचलला आणि काहीतरी बोलून बसलो तर?" भार्गवीनं घड्याळ बघितलं. गाद्या, पाणी, वेळ, वजन, सगळं तिला माहीत होतं. पाच वाजता काय होईल तेही जवळजवळ माहीत होतं. त्या 'जवळजवळ'वर आजवर तिनं मजेत पेपर लिहिले होते. आज त्यावर तालियाचा सोमवार अडला होता.

पाचला पुन्हा तीच खोली. टाचा, गुडघ्यांमागे पट्टी, हनुवटी. फळी खाली आली. मिस एस्त्रेया वाकून आकडा बघायला लागल्या, आणि चष्मा बदलायला त्यांना नको इतका वेळ लागला.

"एकशे सत्त्याण्णव पूर्णांक सात."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. त्यांनी अर्जावर आकडा लिहिला, वेळ लिहिली, सही केली आणि भार्गवीला म्हणाल्या, "तुमच्या त्या आलेखाची एक प्रत मला पाठवा. पुढच्या वर्षी सगळ्यांची वेळ एकच ठेवते. मग कुणाला फुकट मिळालं, कुणाला नाही, असं नको."

बोयेत रडत होता, आणि तोनयोकाका काय झालं ते न कळूनही त्याची पाठ चोळत होते.

डॅरियसनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक वेणी, मग पडलेले दात.

"सोमवारी कोण येणार सोडायला?" तालियानं विचारलं. "तू की मम्मा?"

"मी."

"नक्की?"

"लिहून दिलंय त्यांनी."

"मग मम्माला सांगते, सोमवारी तू झोपून राहा म्हणून," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

डॅरियस काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत खोलीच्या मधोमध तसाच उभा राहिला. भार्गवीनं एक खुर्ची ओढून त्याच्यामागे आणून ठेवली.

"आता बसलात तरी चालेल," ती म्हणाली.